नेम माझा, पोट त्याचं



गेल्या आठवड्यात एका वाचक मैत्रिणीचा फोन आला. चातुर्मासातल्या डाळींबद्दल विचारायला म्हणून केला, पण पाच मिनिटांत गाडी मूळ विषयावर आली. तिच्या नातवाला ऑटिझम आहे, मुलगा सतरा वर्षांचा. इतकी वर्षं ज्यांनी पाहिलं ते बालरोगतज्ज्ञ म्हणाले, "पुढच्या वर्षी अठरा होतील, आता मोठ्यांच्या डॉक्टरांना दाखवायला लागा." ती मला म्हणाली, "काकी, मोठ्यांचे कुठले डॉक्टर? दाताचे, पोटाचे, डोक्याचे? आणि याला तर कुठं दुखतंय हेही सांगता येत नाही."

तुमच्यापैकी काहीजणींना माहीत आहे, आमचा धाकटाही ऑटिस्टिक आहे. आता पंचवीस पूर्ण झाली. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण तो आता मोठा माणूस आहे आणि त्याच्या पोटाच्या गोष्टी मी चारचौघींत सांगणार आहे. पण सांगायला हव्यात. दोन वर्षांपूर्वीच्या चातुर्मासात माझ्या हातून जी चूक झाली, ती तुमच्या कुणाच्या घरात होऊ नये एवढ्यासाठी.

आधी थोडं मागचं सांगते. तो साडेतीन वर्षांचा असताना निदान झालं. तेव्हा 'ऑटिझम' हा शब्द आमच्या नातेवाइकांत कुणी ऐकलेला नव्हता. सरकारच्या १९९५ च्या अपंगांच्या कायद्यातही तो नव्हता. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि पुढे २०१६ च्या दिव्यांगांच्या कायद्यात २१ प्रकारांत त्याला जागा मिळाली. शाळा, स्पीच थेरपी, बोलण्यासाठी चित्रांची कार्डं, या सगळ्यात पंधरा वर्षं गेली. तो थोडे शब्द बोलतो. लागेल ती वस्तू दाखवतो. पण "दुखतंय" हा शब्द त्याच्याजवळ नाही. पडला, खरचटलं तरी तो रडत येत नाही. रक्त दिसलं की आपल्याला कळतं.

अठरापर्यंत मात्र एक सुख होतं. आमचे बालरोगतज्ज्ञ त्याला ओळखत होते. आत गेलं की ते आधी पंखा बंद करायचे, कारण त्या पंख्याचा आवाज त्याला सहन होत नसे. हे त्यांना मी कधी सांगावं लागलं नाही. अठरा झाली आणि आम्ही मोठ्यांच्या दवाखान्यात गेलो. तिथे दीड तास रांग, गर्दी, टीव्ही चालू, फोन वाजतायत. आत गेल्यावर डॉक्टर माझ्याकडे बघून विचारणार, "काय होतंय याला?" मी म्हणणार, "तेच तर कळत नाही." एके ठिकाणी तर एका साध्या तपासणीच्या कागदावर सही हवी म्हणाले आणि ती त्याची हवी, कारण तो सज्ञान. कायद्याने ते बरोबरच होतं. पण त्याला सही येत नाही आणि माझी चालत नाही, मग करायचं काय? त्या दिवशी आम्ही तपासणी न करताच परत आलो.

आता त्या चातुर्मासाकडे येते.

आमच्या घरी चातुर्मास लागला की हिरवी पालेभाजी बंद. रात्रीभोजन तर आम्ही एरवीही करत नाही, पण एरवी मी रात्री पाणी घेते. त्या वर्षी मी चार महिने सूर्यास्तानंतर चारही आहारांचा त्याग धरला होता, म्हणजे पाणीही नाही. नेम माझा होता. धाकट्याला मी कुठलाच नेम दिलेला नव्हता. त्याला काय कळणार, असं मनाशी म्हणत होते.

पण घर कसं चालतं बघा. तो मोजून सहा-सात पदार्थ खातो. त्यात मेथीची दशमी रोज सकाळी दोन. मेथी बंद झाली, तर मी साधी दशमी केली. त्याने अर्धी खाल्ली, अर्धी ठेवली. मग दशमी सोडून तो भातावर आला. भात, वरण, तूप. पोट भरतंय ना, मग झालं, असं मला वाटलं.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि ती मला खूप उशिरा कळली. तो आपणहून पाणी मागत नाही, उठून घेतही नाही. समोर पेला ठेवला की पितो. इतक्या वर्षांत मला हे कधी जाणवलं नव्हतं, कारण मी पाणी प्यायला उठले की सवयीने त्याच्यापुढेही एक पेला ठेवायची. संध्याकाळी सात ते दहामध्ये असे दोन-तीन पेले सहज व्हायचे. मी रात्रीचं पाणी सोडलं आणि त्याचंही सुटलं. कुणी बंद केलं नाही, कुणाच्या लक्षातही आलं नाही.

श्रावणात तो बिघडायला लागला. आधी संध्याकाळच्या आरतीला मंदिरात यायचं बंद केलं. आरती म्हणजे त्याच्या दिवसातली सगळ्यात आवडती गोष्ट, घंटेजवळ त्याची जागा ठरलेली. मग झोप गेली. रात्री दोनला उठून फेऱ्या मारायचा. स्वतःच्या मनगटाला चावायला लागला, तेही असं की व्रण उठले. पलंगाच्या कडेवर पालथा पडून राहायचा, पोट कडेला दाबून. ओढून उठवलं तर ओरडायचा. यांच्या अंगावर एकदा हात उचलला. इतक्या वर्षांत कधी उचलला नव्हता.

मंदिरात बायका विचारायच्या, "अलीकडे जास्त झालंय का हो त्याचं?" एक आजी प्रेमानेच म्हणाल्या, "बाई, असाता कर्माचा उदय आहे, भोगायलाच हवा." मी मान डोलावली. घरी आल्यावर मात्र फार वाईट वाटलं.

आम्ही मनोविकारतज्ज्ञांना फोनवर सांगितलं. त्यांनी ऐकून घेऊन गोळीचा डोस वाढवला. त्यांना दोष देत नाही. मीच सांगताना "वागणं बिघडलंय" एवढं सांगितलं होतं. पोटाचं मी बोललेच नाही, कारण माझ्या मते पोट ठीक होतं. उलट मधे दोनदा त्याचे कपडे खराब झाले, तर मला वाटलं जुलाब होतायत. म्हणून मी पपई बंद केली आणि मऊ भात-ताक सुरू केलं. म्हणजे जे उरलंसुरलं होतं तेही मी काढून घेतलं.

गोळी वाढवून बारा दिवस झाले तरी फरक नाही. शेवटी आमच्या गल्लीत दवाखाना असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मोठं नाव नाही, लहान खोली. त्यांनी आधी स्टेथोस्कोप त्याच्या हातात दिला. मग माझ्या पोटावर लावून दाखवला, मग त्याच्या. त्याला झोपवलं आणि पोटावर हात ठेवला. त्या दीड महिन्यात त्याच्या पोटाला कुणी हात लावण्याची ही पहिली वेळ, माझ्यासकट. डाव्या बाजूला दाबल्याबरोबर त्याने त्यांचा हात धरला. त्या म्हणाल्या, "काकू, याला शेवटचं नीट कधी झालं?"

मला उत्तर देता आलं नाही. तो स्वतः संडासला जातो, स्वतः स्वच्छ होतो. ही गोष्ट शिकवायला आम्हाला सात वर्षं लागली होती आणि तिचा मला अभिमान होता. त्यामुळे आत काय होतं ते मी बघतच नव्हते.

एक्स-रे काढला. आतडं मळाने गच्च भरलेलं होतं. जे कपड्यांना लागत होतं ते जुलाब नव्हते, साठलेल्या मळाच्या कडेने पातळ तेवढं झिरपत होतं. एक दिवस दवाखान्यात ठेवून पोट मोकळं केलं, मग घरी पाण्यातून घ्यायची पावडर दिली. चौथ्या रात्री तो सलग सहा तास झोपला. आठव्या दिवशी संध्याकाळी चपला घालून दारात उभा राहिला. आरतीची वेळ झाली होती.

मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीवर हिशेब लिहिले, त्यामुळे वहीची सवय हाडात आहे. धाकट्याचीही वही आहे, लहानपणापासून. त्या आठवड्यात मी मागची पानं काढून बसले. सगळं लिहिलेलं होतं. "आज पालथा पडून होता." "दशमी परत." "आरतीला नाही." "कपडे खराब." रोजकीर्द चोख होती, पण खतावणी कुणी केली नव्हती. एकेक नोंद तारखेखाली पडून होती, पोटाच्या खात्यावर एकत्र कुणी नेली नव्हती. खर्चही मांडला. सल्ला, वाढवलेली औषधं, झोपेच्या गोळ्या, कोल्हापूरला एक खेप, सगळं मिळून अकरा हजारांच्या वर. आणि ज्याने गुण आला ती पावडर महिन्याला तीनशेच्या आत.

डॉक्टरीणबाईंनी तेव्हा जे सांगितलं ते मी तुम्हाला जसंच्या तसं सांगते. ऑटिस्टिक व्यक्तीचं वागणं अचानक बिघडलं तर आधी शरीर बघायचं. पोट, दात, कान, घसा, लघवीची जळजळ, मुलगी असेल तर पाळीची दुखणी. हे सगळं तपासून झाल्यावर मग मनाचं औषध. मलावरोध या मुलांमध्ये फार आढळतो, कारण खाणं मोजकं, पाणी कमी, आणि वागण्यासाठी दिलेल्या काही गोळ्यांनीही तो वाढतो. म्हणजे आम्ही गोळी वाढवली तेव्हा दुखणंही वाढवत होतो.

पुण्याच्या थोरलीला हे सांगितलं, तर तिने शोधून एक अभ्यास वाचून दाखवला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनंटे या मोठ्या आरोग्यसंस्थेने तिच्या दीड हजार ऑटिस्टिक प्रौढांच्या नोंदी तपासल्या, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. इतर लोकांशी तुलना केली तर पोटाचे विकार, झोपेचे विकार, फिट्स, नैराश्य, चिंता, वाढलेलं वजन, रक्तदाब, मधुमेह, जवळजवळ सगळंच यांच्यात जास्त निघालं. दारू-सिगरेट मात्र कमी. आणि ऑटिस्टिक बायकांची गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची साधी तपासणी इतर बायकांपेक्षा कमी झालेली होती. हे ऐकून मला वाटलं, तिथे इतक्या सोयी असून ही गत, तर आपल्याकडे काय असेल. मुली असलेल्या मैत्रिणींनी हे विशेष लक्षात ठेवा. मुलगी बोलत नाही म्हणून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यायचंच नाही, असं आपण करतो.

आता त्या फोनवाल्या मैत्रिणीसाठी आणि तुम्हा सगळ्यांसाठी, आम्ही काय काय बदललं ते सांगते.

पहिलं म्हणजे एक पान. त्याचं वय, वजन, चालू औषधं डोससकट, कशाची ॲलर्जी, कशाने घाबरतो, दुखलं की काय करतो, हे सगळं एका पानावर. नवीन डॉक्टरांपुढे बसल्याबरोबर ते पान पुढे करायचं. पंधरा मिनिटांच्या भेटीत दहा मिनिटं आपल्या कहाणीत जातात, ती वाचतात. आमच्या पानावर ठळक लिहिलंय, "पोट दुखलं की पालथा पडतो."

दुसरं, वेळ सकाळची पहिली मागून घ्यायची. बहुतेक डॉक्टर देतात, नीट कारण सांगावं लागतं. गाडीत किंवा बाहेर ओट्यावर थांबायची परवानगी मागायची.

तिसरं, सराव घरी. रक्तदाबाचं मशीन आम्ही घेतलं आणि दर रविवारी पूजेनंतर आधी मी, मग हे, मग तो, असा पट्टा बांधतो. पहिले पाच रविवार त्याने बांधू दिला नाही. आता तो स्वतः बाही वर करतो. दाताच्या डॉक्टरांच्या खुर्चीत तो नुसता बसून यायला तीन वेळा गेलो, चौथ्या वेळी त्यांनी आरसा तोंडात घातला.

चौथं, अशा गोळ्या चालू असतील तर वजन, साखर आणि चरबीची तपासणी ठरावीक अंतराने करायची, डॉक्टरांनी सांगितलं नाही तरी आपण विचारायचं. आणि फिट्सचं औषध असेल तर उपवास म्हणून ते कधीही चुकवायचं नाही. रात्रीभोजन त्याग म्हणून वेळही आपल्या मनाने मागेपुढे करायची नाही. दोन डोसमध्ये किती तास हवेत ते डॉक्टरांना विचारून वेळ बसवता येते.

पाचवं कागदांचं, हे टाळू नका. मूल अठराचं झालं की आई-वडील आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालकत्व देते. अर्ज आम्ही त्या सहीच्या प्रसंगानंतर केला, आधीच करायला हवा होता. दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड काढा. आणि 'निरामय' विमा काढा. नॅशनल ट्रस्टचाच आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी तपासणी नाही, वयाची अट नाही, बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीचाही काही भाग मिळतो. बिलं मात्र जपून ठेवायची, कारण पैसे आधी आपण भरायचे आणि मग मागायचे. जुनी करपद्धत धरली असेल तर अवलंबून असलेल्या दिव्यांगासाठीची ७५,००० ची वजावट, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर १,२५,००० ची, ती तुमच्या सीएला विचारा. ह्या गोष्टी घरातले पुरुष बघतील म्हणून ठेवू नका. फाईल कुठे आहे ते आपल्याला माहीत हवं.

आता नेमाचं. तो दवाखान्यातून आला त्या संध्याकाळी मी सासूबाईंपाशी बसून रडले. त्या तेव्हा शहाऐंशी वर्षांच्या, जन्मभर नेमाने राहिलेल्या. मी म्हटलं, "आई, चातुर्मासात मेथी कशी चिरू?" त्या म्हणाल्या, "तू खातेस का? नेम तुझा आहे, पोट त्याचं आहे. त्याला दशमी कर." पुढे म्हणाल्या, "आणि पाण्याचा तांब्या त्याच्याजवळ ठेव. तू पिऊ नकोस, त्याला पाज."

त्यानंतर भाद्रपदात सोळाकारणाची पूजा करताना माझ्या लक्षात आलं, त्या सोळा भावनांत त्याग आणि तप यांच्या आधी 'शक्तितः' हा शब्द आहे, म्हणजे शक्तीप्रमाणे. आणि वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची सेवा, हीसुद्धा त्या सोळांतली एक आहे. तीस वर्षं म्हणतेय मी ही पूजा. त्या आजी म्हणाल्या ते असाता कर्माचंही मी नाकारत नाही. पण उदय आला म्हणून एक्स-रे काढायचा नाही असं कुठे सांगितलंय? आपल्या धर्मात औषधदान हे चार दानांपैकी एक आहे. ते फक्त बाहेर द्यायचं नसतं.

आता संध्याकाळी सात, आठ आणि नऊला मोबाइलचा गजर होतो आणि त्याच्यापुढे पेला ठेवला जातो. माझा नेम चालू आहे. त्याची मेथीची दशमीही चालू आहे, बाराही महिने.

आणि वहीला आता मागून एक पान जोडलंय. दर रविवारी मी आठवड्याच्या नोंदी खात्यांवर नेते. पोट, झोप, दात, वजन, मनःस्थिती. थोरली महिन्यातून एकदा येते तेव्हा ती वही तिला वाचायला बसवते. सुरुवातीला ती म्हणायची, "आई, तू आहेस ना, मग मला कशाला?" आता म्हणत नाही. मी त्रेसष्ठ, हे अडुसष्ट. तो पंचवीस. हे गणित तिला मी कागदावर मांडून दाखवलं नाही, तिचं तिनेच मांडलं असणार. गेल्या महिन्यात ती वही वाचता वाचता म्हणाली, "आई, मंगळवार-बुधवार दोन्ही दिवस याने दशमी अर्धी ठेवलीय. पाण्याचे पेले मोजलेस का?" मी मोजले नव्हते. गजर बंद पडला होता.

तर मैत्रिणींनो, ज्यांच्या घरी असं मूल मोठं होतंय त्यांनी आजच एक पान लिहायला घ्या. ज्यांच्या घरी नाही त्यांनी एवढं करा. मंदिरात असा कुणी मोठा मुलगा ओरडताना दिसला तर त्याच्या आईला "जास्त झालंय का?" असं विचारू नका. "त्याचं कुठं दुखतंय का? डॉक्टरकडे जायचं असेल तर मी सोबत येते," असं म्हणा. दवाखान्यात दीड तास रांगेत बसायला दुसरं माणूस असलं की आईला मुलाला घेऊन बाहेर फेऱ्या मारता येतात. मला कुणी असं म्हटलं असतं, तर कदाचित मी चार आठवडे आधी गेले असते.

पुढच्या वेळी ठरल्याप्रमाणे डाळीच्या सांडग्यांचं लिहीन.

जय जिनेंद्र.